लष्कराच्या भाकऱ्या, पण पिठाचा हिशेब धरून

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्यानं नाव, गाव आणि प्रकल्पाचं नाव छापू नका म्हटलंय, म्हणून तेवढं गाळलंय.

"काका, मी २६ वर्षांचा. दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात सेवा केंद्र चालवतो. घरी पाच एकर, कपाशी आणि तूर. दोन वर्षांपासून बचत गटांच्या हिशेबाच्या एका मुक्त सॉफ्टवेअरवर (म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघावा, वापरावा, सुधारावा) बिनपैशानं काम करतो. आम्ही नऊ जण. दोघं दिग्रसचे, दोघं पुसदचे, बाकीचे नागपूर-पुण्यात. कंपनी नाही, मालक नाही, सगळं आम्हीच ठरवतो. जूनमध्ये ऑनलाइन बैठक झाली. नव्या आवृत्तीसाठी चौदा कामं ठरली, दिवाळीला आवृत्ती काढायची असं ठरलं. त्यातली पाच मी घेतली. मग दुबार पेरणी, निंदण, फवारणी आणि दिवाळीच्या तोंडावर वेचणी. सव्वा महिना मी ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. एकानं लिहिलं, 'जमत नव्हतं तर सांगायचं होतं.' तेव्हापासून ग्रुप उघडायची हिंमत होत नाही. आवृत्ती काही निघाली नाही. आता आमचे संयोजक नोकरीसाठी बंगळुरूला चाललेत, आणि त्यांनी फोन करून सांगितलं की मार्चची आवृत्ती तू सांभाळ. बाबा म्हणतात, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो. आई गटाची सचिव आहे, पण तिच्या गटाचा हिशेब अजून वहीतच आहे. हो म्हणू की सोडून देऊ? त्यात लाइट-रेंज नाही म्हणून काम अडतं, ते वेगळंच."

राजा,

आधी तो ग्रुप उघड, मग पुढचं वाच.

उघडलास? आता तीन ओळी लिही. पाच कामं घेतली होती. त्यातलं एक झालंय आणि एक अर्धं झालंय, ते अमुक ठिकाणी ठेवलंय. उरलेली तीन सोडतोय, ज्याला जमेल त्यानं घ्यावी. आकडे तुझे तू टाक. पावसाची कहाणी नको आणि चार वेळा सॉरी तर मुळीच नको. माफीचं लांबलचक पुराण वाचलं की समोरच्याला 'असू दे रे' म्हणावं लागतं, म्हणजे त्याच्या डोक्याला आणखी एक काम.

तो जो चिडून बोलला, तो तुझ्या वेचणीवर चिडलेला नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं केलंस तू. पाच सीटांवर पाच रुमाल टाकले आणि स्टँडवर चहा प्यायला गेलास. गाडीतले लोक उभ्यानं गेले, कारण रुमाल कोणाचा तरी आहे हे त्यांना दिसत होतं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कामापुढे नाव लागलं की दुसरा त्याला हात लावत नाही, ती रीतच आहे. काम राहिलं ते चालतं. नाव तसंच चिकटून राहिलं ते चालत नाही. म्हणून यापुढे तुमच्यात एक नियम करा: नाव लावून दोन आठवडे काही हालचाल नाही, तर नाव आपोआप निघेल, आणि त्यात कोणाचा अपमान धरायचा नाही.

पण एक सांगतो. गप्प राहिलास ही तुझी चूक. दिवाळीची तारीख ही नऊ जणांची. कपाशीच्या मुलखातल्या चार माणसांना घेऊन दिवाळीला आवृत्ती काढायची, हे जूनमध्ये कोणाला कसं सुचलं बाप्पा? पुण्यातल्या पोराला पऱ्हाटी कधी फुटते हे ठाऊक नसेल. तुला तर ठाऊक होतं. तू बैठकीत बोलला नाहीस, कारण सगळे उत्साहात होते. अशा वेळी 'नाही जमणार' म्हणणारा माणूस कोणालाच आवडत नाही, पण बैठकीत तो एक तरी लागतो.

आता हो की नाही. माझं मत: अर्धं हो म्हण. संयोजकपद एकट्यानं घेऊ नको. दुसरं नाव सोबत असेल तरच घेतो, असं आजच सांग. का, ते पुढे येईल.

आधी पिठाचा हिशेब. तुम्ही चौदा कामं मांडली आणि मग ती नऊ माणसांत वाटली. उलटं करायचं असतं. आधी प्रत्येकाला विचार, आठवड्याला किती तास देशील? समज, तिघं म्हणाले चार तास, चौघं म्हणाले दोन तास आणि दोघं म्हणाले 'बघतो'. 'बघतो' म्हणजे शून्य धर. झाले वीस तास. त्याचे अर्धे कर. माणसं खोटं बोलतात म्हणून नव्हे, तर घरात कोणी आजारी पडतं, लाइन जाते, साळ्याचं लग्न निघतं म्हणून. उरले दहा. मार्चअखेर गटांचा वर्षाचा हिशेब मिटतो, म्हणजे आवृत्ती १५ मार्चला त्यांच्या हातात हवी. डिसेंबरपासून धरले तर पंधरा आठवडे, दीडशे तास. त्यातून वेचणी, परीक्षा आणि लग्नसराईचे तीस काढ. एकशे वीस तास, राजा. एवढंच पीठ आहे तुमच्याकडे. चौदा कामांच्या भाकऱ्या त्यात होत नाहीत.

मग तारीख पुढे ढकलायची की कामं कमी करायची? दोन्ही पंथ चालत आलेले आहेत. डेबियन ही संगणक चालवणारी, लिनक्स घराण्यातली मुक्त प्रणाली. डेबियनवाले 'तयार होईल तेव्हा' म्हणतात आणि साधारण दोन वर्षांनी एक आवृत्ती काढतात. त्यांचं नाव त्या पक्केपणावरच टिकलंय. त्याच घराण्यातलं उबंटू दर एप्रिलला आणि ऑक्टोबरला निघतं. आवृत्तीच्या आकड्यातच वर्ष-महिना असतो, २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. लिब्रेऑफिस हे लिहिण्याचं-तक्त्यांचं मुक्त सॉफ्टवेअर फेब्रुवारी आणि ऑगस्टला येतं. तयार असेल ते गाडीत बसतं, राहिलं ते पुढच्या गाडीनं येतं, गाडी थांबत नाही. तुमच्या डोक्यावर ३१ मार्च आहे. गटाच्या बाया तुमच्यासाठी आर्थिक वर्ष पुढे नेणार नाहीत. म्हणून तारीख पक्की धर आणि कामं गळू दे.

दुसरं एक लिनक्सकडून उचल. त्यांच्याकडे दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, निघते. त्यातले पहिले दोन आठवडेच नवं काही आत घेतात. उरलेले सात-आठ आठवडे फक्त दुरुस्ती. म्हणजे नव्यापेक्षा निवडण्या-पाखडण्याला वेळ जास्त. तुम्ही ३१ जानेवारीला दार लावा. त्यानंतर कोणी कितीही भारी कल्पना आणली तरी 'पुढच्या गाडीला' म्हणायचं. संयोजकाचं सगळ्यात नावडतं काम हेच, आणि ते करायला दुसरा कोणी पुढे येत नाही.

चौदापैकी कोणती ठेवायची? ज्यावाचून मार्चची बैठक अडेल ती. तू पत्रासोबत यादी जोडलीस ते बरं केलंस. त्यातलं नववं काम, 'व्याजात काहीतरी गडबड', हे पहिलं असायला हवं होतं. मी तुमचं ॲप फोनवर घेऊन बघितलं. एका बाईला ५,००० रुपये कर्ज दिलं, शेकडा २ महिना. पहिल्या महिन्याचं व्याज १०० रुपये, बरोबर. तिनं १०० व्याज आणि मुद्दलातले १,००० भरले. पुढच्या महिन्याचं व्याज ४,००० वर, म्हणजे ८० रुपये यायला हवं. ॲप पुन्हा १०० दाखवतं. पूर्ण हप्ता भरला की बरोबर, मनाजोगा भरला की चूक. आणि गटातल्या बाया तर मनाजोगाच भरतात; सोयाबीन विकलं की हजार, नाही तर दोनशे. वीस रुपयांची ती चूक बैठकीत निघाली की बाया ॲपला नाही, सचिवबाईला बोलतील.

आता बघ, 'काहीतरी गडबड' असं लिहिलेलं काम पाच महिने कोणी घेतलं नाही. वर जसं लिहिलंय तसं लिही: काय केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, कोणता फोन, कोणती आवृत्ती. त्या पाच ओळी लिहायला तुला वीस मिनिटं लागतील आणि पुण्यातल्या पोराचे चार तास वाचतील. कोड न येणारा माणूस मुक्त सॉफ्टवेअरला काय देऊ शकतो, असं मला लोक विचारतात. हेच की.

दुसरं काम छापील अहवालाचं. तुमच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. बँकेत असा कागद नेला तर साहेब वर बघत नाही. तिसरं, माहितीची प्रत. फोन विहिरीत पडला तर गटाचा हिशेब बुडता कामा नये. बस, तीन. तांड्यावरच्या बंजारा बायांसाठी त्यांच्या गोरबोलीत बोलून सांगणारं ॲप, हे तुमच्या यादीतलं माझं सगळ्यात लाडकं काम आहे, पण या मार्चला नाही. एक मात्र कर. त्याचे आवाज भरायला प्रोग्रामर लागत नाही. तांड्यावरची एखादी शिकलेली पोरगी वाक्यं बोलून ठेवेल, तिच्या सवडीनं. त्या एकशे वीस तासांत ते धरू नको.

आता इर्जिक. तुझ्या बाबांना आठवत असेल. एखाद्याचं वावर मागे राहिलं की गावातले दहा-बारा जण आपापले बैल घेऊन एक दिवस त्याच्याकडे जायचे. मजुरी नाही, संध्याकाळी पोटभर जेवण. लोकांना वाटतं, इर्जिक म्हणजे माणसं बोलावणं. माझे वडील बोलवायचे तेव्हा मी बघितलंय, आदल्या दिवशी ते एकटेच वावरात फिरायचे. कोणत्या धुऱ्यापासून कोणी लागायचं, दगड कुठे आहेत, बैलांना पाणी कुठे, हे सगळं ठरवून ठेवायचे. इर्जिकीच्या दिवशी त्यांनी स्वतः वखर धरलेला मला आठवत नाही. लोक सकाळी आले आणि 'कुठून लागू?' म्हणून उभे राहिले, तर अर्धा दिवस गेला.

संयोजकाचं काम ते. तुला कोड लिहायचा हात आहे, म्हणून तू वखर धरायला धावशील. धरू नको. फेब्रुवारीतला एक रविवार ठरव, वेचणी आटोपलेली असेल. दिग्रसला कोणाकडे तरी इन्व्हर्टर असलेली खोली बघ. पाच-सहा गटांच्या सचिवबायांना बोलाव आणि पोट्ट्यांनाही. आदल्या आठवड्यात चिठ्ठ्या तयार कर, एका चिठ्ठीवर एकच काम, एका तासात होईल असं. 'आडनावात ऱ्हा असलेली सभासद नोंदव आणि अहवाल छापून नाव तुटतं का बघ.' 'कर्ज घेतलेली सभासद गट सोडून गेली असं कर आणि शिल्लक बघ.' 'रेंज बंद करून तीन नोंदी कर, मग चालू कर.' सगळ्यांच्या फोनवर ॲप आधीच घालून ठेव, तिथे बसून डाउनलोड करायला लागलात तर दुपार त्यातच जाईल. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. नागपूर-पुण्याहून येतील ते निम्मे त्यासाठीच येतील, आणि त्यात वाईट काही नाही.

रेंजवरून आठवलं. लाइट-रेंज नाही म्हणून काम अडतं, असं तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट तुम्ही वापरताच. लिनक्स करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं ते २००५ मध्ये केलं तेव्हा प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहासासकट प्रत असेल, अशीच रचना ठेवली. वावरातल्या खोलीत बसून काम कर, तिथेच नोंद कर, गावात रेंज आली की पाठव. ओलिताची लाइट रात्री येते तेव्हा मोटरीवर बसून लॅपटॉप उघडणारी पोरं मला माहीत आहेत. पण रात्री दोनला लिहिलेला कोड सकाळी एकदा बघूनच पाठव.

निर्णय कसे घ्यायचे, यावर जास्त लिहीत नाही. हात वर करून मतदान घेऊ नका. नऊ माणसांत पाच विरुद्ध चार झालं की चार जण काम सोडतात. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरवते. आधी अभ्यासगटात विषय चघळायचा, मग सभेत आणायचा. अपाचे नावाच्या मोठ्या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेत रिवाज असा आहे की प्रस्ताव लिहून ठेवायचा आणि निदान ७२ तास वाट बघायची. कोणी कारण देऊन हरकत घेतली नाही तर मंजूर. तुम्हीही तसंच करा, फक्त ७२ तास शहराला पुरतात. वेचणीतल्या माणसाला सात दिवस द्या.

आता दुसऱ्या नावाचं कारण. फार वर्षांपूर्वी आम्ही सहा जणांनी मराठी शुद्धलेखन तपासायची एक छोटी प्रणाली चालवली होती. वेबसाइटचं नाव माझ्या कार्डावर घेतलेलं, पासवर्ड माझ्याच डोक्यात. मला डेंग्यू झाला, महिनाभर वर्ध्यात पडून होतो. नूतनीकरणाची सूचना आलेली मी बघितलीच नाही. नाव सुटलं आणि दुसऱ्या कोणी उचललं. आजही त्या पत्त्यावर गेलं तर भलतंच काहीतरी दिसतं. पाच शहाणी माणसं असून कोणाला काही करता आलं नाही, कारण मी कोणाला काही दिलंच नव्हतं. मला तेव्हा तो जबाबदारीचा भाग वाटत होता.

ही लहान गोष्ट झाली. मोठी २०२४ च्या मार्चमधली. फाइली आवळून लहान करणारी एक्सझेड नावाची प्रणाली जगभरच्या लिनक्स यंत्रांवर असते, आणि ती वर्षानुवर्षं एकच माणूस सवडीनं सांभाळत होता. थकला होता, तसं त्यानं लिहिलंही होतं. काही जणांनी 'लवकर कर, नाहीतर दुसऱ्याला दे' म्हणून त्याच्यामागे टुमणं लावलं, आणि एक मदतीला तत्पर असा अनोळखी गडी दोन-अडीच वर्षं खपून त्याच्या विश्वासातला झाला. त्या गड्यानं आत चोरदार बसवलं. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याची खुटखुट लागली, म्हणून ते पकडलं गेलं. तुमच्या ॲपवर कोणी एवढी मेहनत घेणार नाही. पण थकलेल्या एकट्या माणसाकडून जो समोर येईल त्याच्या हाती किल्ल्या जातात, हे तुमच्याकडेही होतंय. तुझं नाव का आलं? तू सर्वात योग्य म्हणून की फोन उचललास म्हणून? वाईट वाटून घेऊ नको, मलाही असंच मिळालं होतं.

तर संयोजक बंगळुरूची गाडी पकडायच्या आधी त्यांना दोन तास बसव. वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर, कोडचं खातं, प्ले स्टोअरचं खातं. आणि सगळ्यात आधी ॲपवर सही करायची किल्ली. ती फाइल हरवली तर अँड्रॉइड नव्या आवृत्तीला त्याच ॲपची आवृत्ती मानत नाही. गुगलकडे सहीची सोय सोपवली असेल तर त्यातून वाट निघते. सोपवली नसेल तर प्रत्येक बाईला जुनं ॲप काढून नवं घालावं लागेल, आणि जुन्याबरोबर हिशेबही जाईल. या सगळ्याच्या दोन प्रती, दोन घरांत. दुसरी व्यक्ती नागपूरची असू दे, जिला वेचणी नाही. आणि जाता जाता परवान्याची फाइल आहे का बघ. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण कायद्यानं कोणी वापरू शकत नाही, म्हणजे तो मुक्त नाहीच.

बाबांशी वाद घालू नको. लष्कराच्या भाकऱ्याच आहेत त्या, त्यांचं काही चुकलं नाही. यातून पुढे नोकरी लागेल वगैरे त्यांना सांगू नको. कोणाकोणाला लागते, पण तो शब्द तू देऊ नको. त्यांना संक्रांतीपर्यंत आठवड्याचे दोन तास सांग, रविवारी दुपारचे, आणि ते पाळ. तिसऱ्या तासाला लॅपटॉप बंद झालेला त्यांना दिसला की पुढचं बोलणं सोपं जाईल.

आणि एक. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ तू जाता जाता लिहिलीस: आईच्या गटाचा हिशेब अजून वहीतच आहे. दोन वर्षं ॲप करतोस आणि ते घरातच चालत नाही. काहून? तिला विचारलंस कधी? विचारू नकोस, ती 'तुझं चांगलंच आहे रे' म्हणेल. पुढच्या बैठकीच्या आदल्या रात्री ती वही घेऊन बसते तेव्हा शेजारी जाऊन बस. फोन बाजूला ठेव. ती आधी काय लिहिते, कोणाचं नाव कोणाखाली लिहिते, कुठे पेन्सिल वापरते आणि कुठे पेन, हे बघ. पेन्सिलीनं लिहिलेलं ती कधी खोडते, ते खास बघ. तुमच्या ॲपमध्ये पेन्सिल नाही, एवढं मला दहा मिनिटांत दिसलं. ती काय लिहिते ते मला कळव.